३२ हजार फुटांचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या तिघांनी ३२ हजार फुटांवरून उडी मारली. विंग कमांडर विशाल लखेश, मास्टर वॉरंट ऑफिसर आर. जे. सिंग आणि मास्टर वॉरंट ऑफिसर विवेक तिवारी. त्यांच्या पाठीवरची हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या दोन प्रयोगशाळांनी, आग्र्याच्या एडीआरडीईनं आणि बंगळुरूच्या डेबेलनं, मिळून बनवलेली. बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि वाद पेटायलाही. एका गटाला यात जगावेगळा पराक्रम दिसला आणि तिघांना ताबडतोब पदकं द्या, अशी मागणी सुरू झाली. दुसऱ्या गटानं मोबाइलवर दोन मिनिटं शोधाशोध केली आणि उत्तर फेकलं: अमेरिकेच्या जोसेफ किटिंजरनं १९६० सालीच १ लाख २ हजार ८०० फुटांवरून उडी मारली होती, मग पासष्ट वर्षांनी त्याच्या एकतृतीयांश उंचीवरून मारलेल्या उडीचं कसलं कौतुक? पाठोपाठ २०१२ मध्ये किटिंजरच्याही वरून उडी मारणाऱ्या फेलिक्स बॉमगार्टनरचं नाव निघालं, त्याच्यामागच्या शीतपेयाच्या कंपनीची जाहिरात निघाली आणि असल्या उड्या म्हणजे सरकारी खर्चानं केलेला स्टंट, असा निकालही लागला.

दोन्ही बाजू एकाच फूटपट्टीनं मोजतायत. कौतुक करणाऱ्यांना ३२ हजार हा आकडा मोठा वाटतो, नाकं मुरडणाऱ्यांना लहान. आकडा हाच मुद्दा आहे, याबद्दल मात्र दोघांचं एकमत! माझं म्हणणं असं की अशा उड्यांना पदकं जरूर द्यावीत, पण उंचीबद्दल एकही देऊ नये. उडीआधी एखाद्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच खात्रीनं ठाऊक नव्हतं, ते मिळवायला माणसानं स्वतः जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि मिळालेलं उत्तर पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाच्या कामी येणार होतं, अशी उडी सन्मानाची. बाकीच्या उड्या खेळ आहेत. खेळाला खेळाचं बक्षीस द्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

त्या ऑक्टोबरच्या बातमीतच एक वाक्य होतं, ज्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. सैन्यदलं सध्या वापरत असलेल्या छत्र्यांपैकी २५ हजार फुटांच्या वर उघडू शकणारी ही एकमेव. किती फुटांवरून उडी घेतली यापेक्षा किती फुटांवर छत्री उघडता येते, हा प्रश्न कितीतरी अवघड आहे. खालच्या दाट हवेत पडणाऱ्या माणसाला हवाच आवरते, त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. तीस हजार फुटांवर हवेची घनता जमिनीलगतच्या दोनपंचमांशाहूनही कमी असते, म्हणून तोच माणूस तिथे दीडपटीहून अधिक वेगानं पडतो. त्या वेगात छत्री फाडकन उघडली तर बसणारा झटका खालच्यापेक्षा कितीतरी जबर असतो. शिवाय तापमान उणे पंचेचाळीस-पन्नास अंश. ऑक्सिजनचा मास्क निसटला तर शुद्धीत राहायला जेमतेम एखादं मिनिट. विमानात चढण्याआधीपासून शुद्ध ऑक्सिजन ओढून रक्तातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो, नाहीतर वरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मेंदूत अडकतात. एवढं सगळं सांभाळून छत्री उंचावरच उघडली, तर सैनिक तिच्या आधारानं तरंगत कितीतरी किलोमीटर पलीकडे, विमानाचा आवाजही पोचणार नाही अशा ठिकाणी उतरू शकतो. वाद घालायचाच होता तर यावर घालायला हवा होता.

उंचावर छत्री उघडली तर काय होतं, हे जगाला कळलं ते एका डॉक्टरमुळे. विल्यम रँडॉल्फ लव्हलेस हे पेशानं सर्जन, मेयो क्लिनिकमधून आलेले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या राइट फील्ड इथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेचे प्रमुख. बॉम्बफेकी विमानं आता इतक्या उंचीवरून उडत होती, की त्यातून बाहेर पडलेला वैमानिक जिवंत खाली पोचेल का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. २४ जून १९४३ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या एफ्राटाजवळ लव्हलेसनी बी-१७ विमानातून ४० हजार २०० फुटांवर उडी टाकली. ही त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी! विमानाला बांधलेल्या दोरीनं छत्री लगेच उघडली आणि त्या झटक्यानं ते बेशुद्ध झाले. हातमोजा निघून गेला, उघडा हात हिमदंशानं गोठला. बराच वेळ ते छत्रीला निव्वळ लटकत खाली येत होते. ते वाचले, आणि त्यांच्यामुळे धडा पक्का झाला, की अति उंचीवर छत्री उघडू नये, आधी दाट हवेपर्यंत मोकळं पडावं आणि मगच ती उघडावी. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. आज त्यांचा आकडा कोणाला पाठ नाही आणि असण्याची गरजही नाही. त्यांनी आणलेलं उत्तर वैमानिकांच्या प्रशिक्षणात मुरलं.

ते उत्तर पुढच्या प्रश्नाला घेऊनच आलं. मोकळं पडायचं म्हणजे किती वेळ आणि कसं? अमेरिकी हवाई दलानं माणसाच्या मापाचे पुतळे फार उंचावरून खाली सोडून पाहिले, तेव्हा ते आडवे होऊन भिंगरीसारखे फिरायला लागले, मिनिटाला दोनशे फेऱ्यांपर्यंत. इतक्या गतीत डोक्याकडे चढणारं रक्त माणसाला मारून टाकतं. फ्रान्सिस बोप्रे नावाच्या तंत्रज्ञानं यावर टप्प्याटप्प्यानं उघडणारी छत्री आखली. आधी एक छोटी छत्री जी पडणाऱ्याला फक्त सरळ ठेवते, मग बऱ्याच खाली मोठी. प्रकल्प एक्सेलसियर हा या छत्रीच्या चाचणीचा प्रकल्प होता. किटिंजर हे चाचणी घेणारे कॅप्टन होते, आणि फुग्याखालचा उघडा झोपाळा हे वर जाण्याचं स्वस्त साधन. 'विक्रम' हा शब्द त्या प्रकल्पाच्या उद्देशात बसतच नव्हता.

इथे विरोधकांचा एक मुद्दा विचारात घ्यायला हवा, कारण तो वरवर पाहता बिनतोड आहे. पुतळ्यांनीच समस्या दाखवली ना? मग उपायही पुतळ्यांवरच तपासायचा, आजच्या काळात तर सेन्सर लावून आणखी काटेकोर तपासता येईल, जिवंत माणूस फेकायचा कशाला? १६ नोव्हेंबर १९५९ रोजी किटिंजर पहिल्यांदा ७६ हजार ४०० फुटांवरून निघाले, तेव्हा काय झालं ते पाहा. उठताना ते आसनात अडकले. त्या धडपडीत छोट्या छत्रीचा टायमर वेळेआधीच सुरू झाला. पुरेसा वेग येण्यापूर्वीच ती बाहेर पडली आणि त्यांच्या मानेभोवती गुंडाळली गेली. ते मिनिटाला १२० च्या आसपास फेऱ्या घेत गरगरायला लागले आणि शुद्ध हरपली. ठरलेल्या उंचीवर आपोआप उघडणाऱ्या राखीव छत्रीनं त्यांना वाचवलं. पुतळा आसनात अडकत नाही. तो उठायची धडपड करत नाही, घाबरत नाही, जाड दाब-पोशाखात त्याचे हात आखडत नाहीत. छत्री निर्दोष होती, अडचण छत्री आणि माणूस यांच्या मधल्या जागेत होती, आणि ती जागा पुतळ्याला दिसणं शक्य नव्हतं. महिना उलटायच्या आत, ११ डिसेंबरला, किटिंजर पुन्हा वर गेले आणि सुधारलेली व्यवस्था नीट चालली. तिसरी उडी १६ ऑगस्ट १९६० ची. ४ मिनिटं ३६ सेकंद पडणं, ताशी ९८८ किलोमीटरचा वेग, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला तो आकडा.

मुंबईला हा युक्तिवाद परका वाटायचं कारण नाही. १८९६ साली शहरात प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. प्राण्यांवरचे प्रयोग त्याआधी झालेच होते. तरीही माणसाच्या अंगात ती किती ताप आणते, किती सहन होते, हे कळायला माणूसच लागत होता, आणि दुसऱ्या कोणाला पुढे करण्याआधी त्यांनी आपला दंड पुढे केला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे. त्या टोचणीला कोणी स्टंट म्हटल्याचं ऐकलंय? सुईची लांबी किती होती, असं कोणी विचारतं का?

आता किटिंजरच्या तिसऱ्या उडीतला एक भाग. तो मला खुपतो आणि त्यांच्या चाहत्यांनी त्याला शौर्यकथेचा मुलामा दिलाय. वर जाताना त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाब भरला नाही. हात सुजून दुप्पट झाला, निकामी झाला, आणि त्यांनी हे जमिनीवरच्या डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उडी रद्द झाली असती. चाचणीचा माणूस म्हणून हे साफ चूक होतं. ज्याला निरीक्षणं नोंदवायला पाठवलं त्यानंच सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण दडवलं. विरोधक म्हणतात, बघा, शेवटी आकड्याचा मोह सुटत नाहीच. त्यांचं म्हणणं इतपत मान्य. पण त्यावरून उडीच पोकळ ठरते का? हाताचं काय झालं ते किटिंजरनी नंतर लपवलं नाही. हात काही तासांत पूर्ववत झाला, आणि जवळजवळ निर्वात जागेत शरीराचा एखादा भाग उघडा पडला तर काय होतं, याची एक नोंद विज्ञानाला मिळाली, भले वाईट मार्गानं. तुम्ही त्या हातमोज्यासाठी पदक देत असाल तर देऊ नका. छत्रीसाठी द्या. बाहेर फेकल्या गेलेल्या आसनाला लहान छत्रीनं आधी सरळ करायचं आणि मग मोठी उघडायची, हा क्रम आज लढाऊ वैमानिकांच्या इजेक्शन सीटमध्ये जगभर रुळलेला आहे.

आकड्यांच्या मागे लागलं की प्रामाणिकपणा कसा सुटतो, याचं उदाहरण हवं असेल तर सोव्हिएत संघाकडे जावं. १९६१ च्या एप्रिलमध्ये युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परतला, तेव्हा तो यानाबरोबर उतरला नव्हता. साधारण ७ किलोमीटरवर आसनासकट बाहेर फेकला जाऊन तो आपल्या वेगळ्या छत्रीनं जमिनीवर आला. व्होस्टोक यानाची रचनाच तशी होती आणि ती उत्तम चालली. यात लाजण्यासारखं काय होतं? पण आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमानुसार विक्रम मान्य व्हायला चालकानं यानासोबतच उतरायला हवं होतं. म्हणून अधिकृत कागदावर खोटं लिहिलं गेलं आणि बरीच वर्षं ते तसंच सांभाळलं गेलं. अभियांत्रिकीचं एक देखणं यश केवळ नोंदवहीत बसावं म्हणून झाकून ठेवलं. गंमत म्हणजे त्याच महासंघाच्या वहीत किटिंजरची उडी विक्रम म्हणून कधी चढलीच नाही. आणि त्यामुळे त्या छत्रीची किंमत रतीभरही कमी झाली नाही.

त्याच देशानं पुढच्याच वर्षी एक गोष्ट मात्र योग्य केली. १ नोव्हेंबर १९६२ रोजी साराटोव्हजवळच्या व्होल्स्क इथून 'व्होल्गा' नावाचा फुगा वर गेला. आत हवाई दलाचे दोन चाचणी-पॅराशूटिस्ट: येवगेनी आंद्रेयेव आणि प्योत्र दोल्गोव्ह. आंद्रेयेवनी २५ हजार ४५८ मीटरवर उडी घेतली आणि छोट्या छत्रीची मदत न घेता २४ हजार ५०० मीटर मोकळे पडले. मोकळ्या पडण्याचा हा विक्रम पुढे पन्नास वर्षं, बॉमगार्टनर येईपर्यंत, टिकला. दोल्गोव्ह मात्र २८ हजार ६४० मीटरपर्यंत वर गेले. त्यांना नवा दाब-पोशाख तपासायचा होता आणि छत्री उंचावरच उघडायची होती. बाहेर पडताना त्यांच्या शिरस्त्राणाची काच फुग्याच्या पाळण्यावर आपटून तडकली. दाब गेला. छत्री व्यवस्थित उघडली आणि खाली आली, पण माणूस वरच संपला होता. विक्रमाच्या भाषेत एक यशस्वी, एक अयशस्वी. डिसेंबरमध्ये दोघांनाही सोव्हिएत संघाचा वीर हा किताब दिला गेला, एकाच दर्जाचा.

मला हा निर्णय या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. चाचणी अयशस्वी होते तेव्हा ती सर्वांत जास्त शिकवते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही माहीत असतं. उंची हाच निकष धरला तर दोल्गोव्हना पदक देता येत नाही, किंवा मग फक्त सहानुभूती म्हणून देता येतं. प्रश्नाचं उत्तर हा निकष धरला, तर आंद्रेयेव आणि दोल्गोव्ह एकाच ओळीत उभे राहतात. आपल्याकडच्या कौतुकवाल्यांना विचारावंसं वाटतं: ३२ हजार फुटांवरची ती छत्री उघडली नसती आणि राखीव छत्रीवर कोणी वाचला असता, तर तुम्ही त्याच हिरिरीनं पदक मागितलं असतं?

उलट बाजूनंही पाहू. निक पियांटानिडा हा न्यू जर्सीतला ट्रकचालक. हौशी, जिद्दी, किटिंजरच्या वर जायचंच या एका ध्यासानं पछाडलेला. २ फेब्रुवारी १९६६ ला तो फुग्यातून १ लाख २३ हजार ५०० फुटांपर्यंत पोचला, पण ऑक्सिजनची नळी सुटेना, म्हणून उडी न घेता पाळण्यासकट परत आला. मे महिन्यात पुन्हा गेला. ५७ हजार फुटांच्या आसपास पोशाखातला दाब गेला, तो कोमात गेला आणि ऑगस्टमध्ये वारला. धाडसात तो कोणापेक्षा कमी होता? मुळीच नाही. तरी मी त्याला लष्करी पदकाच्या रांगेत बसवणार नाही, कारण तो वर गेला तो वर जाण्यासाठी. दहीहंडीचे थर मोजणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला हा फरक अवघड वाटू नये. नववा थर लागला की सगळं मैदान ओरडतं, मीही ओरडतो. पण २०२२ मध्ये राज्य सरकारनं गोविंदांना खेळाडू ठरवून सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची घोषणा केली, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं चिडली, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. चढणाऱ्याच्या हिमतीबद्दल कोणाचीच शंका नव्हती. हिमतीच्या बदल्यात राज्यानं नेमकं काय द्यावं, हा प्रश्न होता.

यानंतर येतो तो सर्वांत वजनदार आक्षेप. युद्धात असल्या उड्यांचा उपयोग काय? खरी लढाई लढणारे पॅराट्रूपर खालूनच उतरतात. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, ढाक्याच्या उत्तरेला टांगाईलला उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली तिनं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला, उत्तरेकडून ढाक्याकडे माघारी येणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली, आणि पाच दिवसांनी ढाक्यात पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ती होती. पन्नूंना महावीरचक्र मिळालं. त्या दिवशी कोणीही तीस हजार फुटांवरून उडी मारली नव्हती, कोणाला ऑक्सिजनचा मास्क लागला नव्हता. (जगभर छापून आलेलं त्या उडीचं छायाचित्र मात्र टांगाईलचं नव्हतंच, आग्र्याच्या सरावाचं होतं, आणि ते पाहून एक अख्खी ब्रिगेड उतरली असा समज पसरला. हवाई छत्री आणि प्रसिद्धी यांचं नातं जुनं आहे.) त्यामुळे सैन्याच्या मोठ्या उड्यांसाठी उंचीचा उपयोग नाही, हे मी विनाअट मान्य करतो. आणि एक पूल घेणाऱ्या पलटणीचं पदक आणि एक छत्री तपासणाऱ्या तिघांचं पदक एका तराजूत घालू नये, हेही मान्य.

पण उपयोग नाही म्हणणारे दोन ठिकाणी चुकतात. पहिलं, लहान तुकड्यांचं काम वेगळं असतं. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकेच्या एका छोट्या टेहळणी तुकडीनं लाओसमध्ये रात्री, पावसात, उंचावरून मोकळी उडी घेतली. माणसं एकमेकांपासून दूर विखुरली, म्हणजे उडी म्हणून ती फसलीच म्हणायची. पण शत्रूला सुगावा लागला नाही आणि सगळे परत आले. हेलिकॉप्टरचा आवाज दरीभर घुमतो, तीस हजार फुटांवरून गेलेल्या विमानाकडे कोणी मान वर करून पाहत नाही. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. आपली सीमाच उंचावर आहे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी विंग कमांडर गजानंद यादव आणि वॉरंट ऑफिसर ए. के. तिवारी सी-१३०जे विमानातून उडी घेऊन लेहजवळच्या खारदुंगला खिंडीत, १७ हजार ९८२ फुटांवर, उतरले. बातम्यांनी त्याला सर्वांत उंच ठिकाणी उतरण्याचा विक्रम म्हटलं. मला त्यातला विक्रम दुय्यम वाटतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे पुण्यात जी छत्री माणसाला अलगद ठेवते तीच तिथे जवळपास एकतृतीयांश जास्त वेगानं जमिनीवर आणते, आणि ती जमीन दगडांची. वळण घेताना ताबा कमी, चूक सुधारायला वेळ कमी. वर्षभर ज्या डोंगरांत आपले जवान बसलेत, तिथे एखाद्या कोंडलेल्या चौकीत छत्रीनं माणूस उतरवता येईल का, याचं उत्तर आग्र्याच्या सपाट मैदानात कधीच मिळालं नसतं.

आणखी एक युक्तिवाद भावनेच्या जोरावर चालतो. गटारात उतरणारा सफाई कामगार रोज जीव धोक्यात घालतो, त्याला कोणी पदक देत नाही, मग यांना का? यातली वेदना खरी आहे, तर्क मात्र उलटा. गटारातल्या त्या धोक्याला प्रश्नच नाही, त्याचं उत्तर आधीच माहीत आहे: विषारी वायू माणसाला मारतो. २०१३ च्या कायद्यानं हे काम बेकायदा ठरवलं तरी ते चालू आहे, आणि तिथे हवं आहे ते यंत्र, मोबदला आणि दोषींना शिक्षा. अशा मृत्यूला शौर्य म्हणायला लागलो तर कंत्राटदार सर्वांत आधी टाळ्या वाजवेल. टाळता येण्याजोगा धोका बंद करायचा असतो. अज्ञात असलेला धोका, तो गाठल्याशिवाय पुढच्याचा रस्ता मोकळा होत नसेल तर, कोणीतरी पत्करायचा असतो. हा फरक पुसला की दोघांवरही अन्याय होतो.

आपला खरा घोळ पुरस्कारांच्या खात्यांत आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २००६ मध्ये अंटार्क्टिकावर, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून, २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात २१ हजार ५०० फुटांवरून. त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी स्वतःला कधी चाचणी-पॅराशूटिस्ट म्हणवलं नाही. ते साहस होतं, खेळ होता, नऊवारीची उडी तर हौसच होती, आणि समाजानं हौसेचाही सन्मान करावा. साहसी खेळांसाठी तेनझिंग नोर्गे पुरस्कार आहे, त्यात हवेतल्या साहसाचा वेगळा विभाग आहे. शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र आहेत. हवाई दलाचं वायुसेना पदक तर शौर्यासाठी वेगळं आणि कर्तव्यनिष्ठेसाठी वेगळं दिलं जातं. खाती मुबलक आहेत. कोणती उडी कोणत्या खात्यात टाकायची, हे ठरवताना प्रसिद्धिपत्रक आडवं येतं, कारण त्यात सगळ्याच उड्या 'ऐतिहासिक' असतात. महेंद्रसिंग धोनीनं २०१५ मध्ये आग्र्याच्या पॅराट्रूपर प्रशिक्षण शाळेत पाच उड्या पूर्ण केल्या, तेव्हा देशातल्या बहुतेकांना ती शाळा आहे हे पहिल्यांदा कळलं. धोनीची त्यात चूक नाही. पण वर्षानुवर्षं तिथे उड्या शिकवणाऱ्या, छत्र्या घडी घालणाऱ्या, दोऱ्या तपासणाऱ्या माणसांबद्दल आपल्याला तेव्हाही कुतूहल वाटलं नाही.

बोप्रेचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? किटिंजरना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते हार्मन ट्रॉफी मिळाली. ज्या तंत्रज्ञाच्या छत्रीवर तो जीव टांगलेला होता त्याचं नाव तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर गेलं नाही. उडी हा सांघिक प्रयोग असेल, तर सन्मानपत्रातही संघ दिसला पाहिजे. म्हणून मी म्हणतो, त्या तिघांना पदक द्या आणि सन्मानपत्रात ३२ हजार हा आकडा हवं तर शेवटच्या ओळीत घाला. पहिल्या ओळीत लिहा की माणूस चढण्याआधी पुतळ्यांच्या किती चाचण्या झाल्या, त्यातल्या कोणत्या फसल्या, उघडताना झटका किती बसला, आणि आग्रा-बंगळुरूच्या कोणत्या माणसांनी कोणती शिवण बदलली. एवढं लिहिता येत नसेल, तर ती उडी साहस पुरस्कारात टाका.

आणि हाच निकष अपघातांनाही लावा. २०२५ च्याच एप्रिलमध्ये, त्या गाजलेल्या उडीच्या सहा महिने आधी, हवाई दलाच्या आकाशगंगा या स्कायडायव्हिंग पथकाचा एक अनुभवी प्रशिक्षक आग्र्यात उडीदरम्यान मृत्युमुखी पडला. तेव्हाही दोन दिवस तोच वाद झाला: एकीकडे सलाम, दुसरीकडे असल्या उड्या बंदच करा. दोन्ही बाजू दमल्यावर विषय संपला. अशा चौकशीचे अहवाल आपल्याकडे सहसा जाहीर होत नाहीत. लष्करी गुपितं असतील तेवढी ओळ काळी करा, पण बाकीचा अहवाल किमान त्याच प्रकारची छत्री पाठीवर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पडला पाहिजे, मग तो पॅराट्रूपर असो, नौदलाचा मार्को, म्हणजे सागरी कमांडो असो की पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी उड्या मारायला जाणारा हौशी. सलाम करणाऱ्या आणि बंदी मागणाऱ्या दोघांनाही आपली शक्ती खर्च करायची असेल, तर ती या मागणीवर करावी.